आधी पाणी, मग कान

सूनबाई, परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी नुकती आडवी झाले होते. तू रडत होतीस. शिर्डीच्या तुझ्या वरच्या खोलीतल्या माणसाने पहाटेच्या गार पाण्यावरून दिवसभर डोकं खाल्लं, रात्री पैसे परत मागितले, नाही तर एकच स्टार देतो म्हणाला, आणि आमचा भाचा बाह्या सरसावून जिना चढला. मी एवढंच म्हणाले, झोप आता. दुसऱ्या दिवशी तुला चादरी बदलायची घाई, मला तंबूवाल्यांच्या पोह्यांची. म्हणून आज नातीला समोर बसवून हे तिच्या मोबाइलवर लिहून घेतेय. ती मधेमधे हसतेय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

इथे धरणाकाठी शेंडीत आमच्या ओट्यावर माणसं उतरायची तेव्हा होमस्टे हा शब्द कुणाच्या कानावर आला नव्हता. कळसूबाईला, रतनगडाला जाणारी मुंबईची पोरं भिजून यायची. सासूबाई आमटी-भात वाढायच्या, जाताना पोरं जे हातावर ठेवतील ते घ्यायच्या. त्यातही कुरकुरणारे असायचेच. सासूबाईंनी मला तेव्हा सांगून ठेवलं होतं, चिडलेला माणूस दारात आला की आधी पाणी, मग कान, आणि आपलं तोंड सगळ्यात शेवटी. आता चौदा वर्षं मी दोन खोल्या आणि तीन तंबू भाड्याने देतेय, अॅपवरही आहे. हा क्रम ज्या ज्या दिवशी उलटा झाला, त्या त्या दिवशी मी पस्तावलेय.

पाणी का, तर आपल्याकडे येणारा माणूस सरळ कधीच येत नाही. आमच्याकडे येणारा कसाऱ्याच्या घाटात अडकून, घोटीला वळून, बारीचे खड्डे मोजत आलेला असतो. मागच्या सीटवर एक पोर ओकलेलं असतं. तुझ्याकडचा रेल्वेने नाही तर समृद्धीवरून आलेला, आणि गुरुवार असेल तर तीन-चार तास रांगेत उभा राहिलेला. वाटेत पॉलिशवाल्या दलालांनी धरून फुलांच्या नि प्रसादाच्या ताटाचे अव्वाच्या सव्वा पैसे काढलेले असतात. तो राग तो त्यांच्यावर काढू शकत नाही, ते केव्हाच दुसऱ्या गाडीमागे पळालेले असतात. मग तुझ्या खोलीतला पंखा कुरकुरतो आणि सगळं त्या पंख्यावर निघतं. हातात तांब्या-पेला आला की माणूस बसतो. बसलेल्या माणसाचा आवाज उभ्या माणसाएवढा चढत नाही, करून बघ. तूही बस. जिन्यात उभं राहून, एक हात कठड्यावर ठेवून तक्रार ऐकू नकोस.

आता कान. माणूस जे बोलतो ते बऱ्याचदा त्याचं दुखणं नसतं. एका जुलैत ठाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. सामान ठेवून पाच मिनिटं नाही झाली तर तो गृहस्थ बाहेर. खोलीत पाल आहे! ही काय माणसांची खोली आहे? मी म्हटलं, दुसरी खोली उघडते. तिथे जायला तयार नाही. पाल हाकलून देते म्हटलं, तर म्हणे प्रश्न पालीचा नाही, स्वच्छतेचा आहे. आवाज वाढतच चाललेला. मी पाणी दिलं नि गप्प बसले. तेव्हा लक्षात आलं, बोलतोय माझ्याशी पण डोळे सारखे गाडीकडे. गाडीत त्याचे सासरे बसलेले, उतरायलाच तयार नव्हते. त्याची बायको हळूच येऊन माझ्या कानाशी म्हणाली, बाबा कल्याणपासून म्हणताहेत की लोणावळ्याला चांगलं हॉटेल मिळालं असतं.

मग मी पाल सोडून दिली. गाडीपाशी गेले, म्हातारबुवांना म्हटलं, तुमच्या जावयाने दिवस बरोबर धरला हो, काल आला असतात तर धुक्यात धरणाची भिंतसुद्धा दिसली नसती, आज बघा कसं लख्ख आहे. म्हातारबुवा उतरले. चहा घेतला. धरण 1926 साली पुरं झालं, अकरा टीएमसीचं आहे, असं आमच्या ह्यांनी सांगायला सुरुवात केली तशी ते दोघे पाटबंधाऱ्यावर जे रंगले ते जेवणापर्यंत. पाल त्याच खोलीत होती. कुणीही तिचं नाव काढलं नाही. खोटं मात्र मी बोलले नव्हते हां, आदल्या दिवशी खरंच धुकं होतं.

आता याचा अर्थ असा नाही की प्रत्येक तक्रारीमागे सासरा असतो. तुझ्या त्या माणसाचं गार पाणी हे खरोखरच गार पाणी होतं. ते आपण हिशोबाने बघू. तुझी सोलरची टाकी दोनशे लिटरची. दोन्ही खोल्या भरल्या की आठ माणसं. रात्री आल्या आल्या प्रवासाचा घाम धुवायला माणशी दोन बादल्या, बादली पंधरा लिटरची. सोळा बादल्या झाल्या, म्हणजे दोनशे चाळीस लिटर. त्यात थोडं गार मिसळलं असेल धर, तरी टाकी रात्रीच रिकामी. त्यात जे नवीन पाणी भरलं ते रात्रभर तापणार कशाने, चांदण्याने? आणि काकड आरतीला जाणारा माणूस पहाटे साडेतीनला नळ सोडणार. देवाच्या दारात पारोशाने जायचं नाही म्हणून तो एवढ्या पहाटे उठलाय, आणि त्याला बर्फासारखं पाणी. मी त्याच्या जागी असते तर मीही ओरडले असते.

तेव्हा टाकीला विजेची कॉइल बसवून घे आणि रात्री दोनला चालू होईल असा टायमर लाव. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे किल्ली देतानाच विचार, पहाटे आंघोळ कितीला? या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. उत्तर मिळालं की तुला कळतं, आणि त्यालाही कळतं की हिला आपली काळजी आहे. जमलं नाही तर चुलीवर नाही तर गॅसवर एक पातेलं ठेव. पातेल्यातलं पाणी आपण स्वतः नेऊन दिलं तर माणूस ते कुणाकुणाला सांगत सुटतो. गीझरबद्दल आजवर मला कुणी बरं लिहिलेलं नाही.

पण मला विचारशील तर तक्रारी जन्माला येतात फोटोत. माझंच सांगते. अॅपवर टाकायचे फोटो आमच्या मुलाने ऑक्टोबरात काढले. आभाळ निळं, पाणी काठोकाठ, खिडकीतून तलाव अस्सा. खाली लिहिलं, तलाव दिसणारी खोली. पहिल्या जुलैत तीन बुकिंगांतल्या तिघांनी शिव्या घातल्या. बरोबरच होतं त्यांचं. हा भाग म्हणजे जामखेड-पाथर्डी नाही. आपल्या जिल्ह्याच्या एका टोकाला टँकरची वाट बघतात आणि या टोकाला घाटघरला पेपरवाले जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्यात तलाव सोड, दारातली जांभूळ दिसत नाही काही दिवस. आता मी लिहिलंय: जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असेल तर खिडकीतून फक्त धुकं दिसेल; चादरी चुलीच्या खोलीत वाळवतो, त्यांना किंचित धुराचा वास येतो; अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच वाहतो, ते आमच्या हातात नाही; फोनला रेंज ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात मिळते. मुलगा म्हणाला, आई, असं लिहिल्यावर कोण येईल? आले की. धुकं बघायलाच लोक आले. डावा कोपरा तर इतका प्रसिद्ध झाला की तिथे मला खुर्ची ठेवावी लागली.

तू काय लिहिलंयस? मंदिर पाच मिनिटांवर. कुणाच्या पायांनी? भाच्याच्या मोटारसायकलच्या. आमच्या वहिनीला, म्हणजे तुझ्या सासूला, बरोबर घे, गुरुवारी संध्याकाळी घरापासून दर्शनरांगेच्या दारापर्यंत चाल, आणि जेवढी मिनिटं लागतील तेवढी लिही. तिचे गुडघे दुखतात तेच बरं. शिर्डीला येणारी निम्मी माणसं तसल्याच गुडघ्यांची असतात.

काजव्यांचं सांगायचं राहिलं, आणि पैसे परत देण्याचा विषय तिथूनच सांगितला तर कळेल. मे सरता सरता, पहिला पाऊस पडायच्या आधी, इथल्या हिरड्या-बेहड्यांवर, सादड्यावर काजवे लागतात. झाडच्या झाड उघडमीट करतं. तेवढे पंधरा-वीस दिवस शनिवारी-रविवारी शेंडीत गाडी लावायला जागा नसते. एका जूनमध्ये सहाजण आले, रात्री उडदावण्याकडे जाऊन आले आणि अकरा वाजता माझ्या ओट्यावर. काजवे नव्हते, फसवणूक आहे, तंबूचे सगळे पैसे परत. त्या दिवशी दुपारीच दणकून पाऊस झाला होता. मोठा पाऊस झाला की काजवे संपतात, त्याला कोण काय करणार? शिवाय नंतर कळलं, हे लोक गाडीचे दिवे लावून, मोबाइलचे टॉर्च मारत झाडं शोधत होते. काजवा उजेड बघून उजेड बंद करतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या रात्री मी तोंड आधी उघडलं. म्हटलं, काजवे काय मी पाळलेत का? झालं. पुढचा तासभर काय झालं ते नातीसमोर सांगत नाही. शेवटी अर्धे पैसे दिले, वर वाईट शेरा मिळाला तो वेगळाच.

तेव्हापासून मी मनाशी तीन घरं केली आहेत. चूक आपली असेल, जसं तुझं गार पाणी, तर त्याने मागायच्या आत पैशाचं आपण बोलायचं. आकडाही आपणच सांगायचा. दादा, आमचं चुकलं, एका रात्रीतले तीनशे कमी करते. मागून मिळालेल्या हजारापेक्षा न मागता मिळालेले तीनशे माणसाला मोठे वाटतात. आणि तो आधी बोलला तर आकडा तो ठरवणार, तो कधीच तीनशे नसतो. दुसरं घर आभाळाचं. पाऊस, धुकं, काजवे, रेंज, तुझ्याकडे गर्दी नि रांग. याचे पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की आपणच कबूल केलं की आभाळ आपल्या मालकीचं आहे. पण माणसाचा दिवस वाया गेलाय हे खरं असतं, त्यासाठी काहीतरी करायचं. मी आता म्हणते, काजवे नाहीत ना, सकाळी सहाला या, ह्यांच्याबरोबर रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जाऊन या, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत. निम्मे जातात. जे जात नाहीत त्यांचाही राग त्या निमंत्रणाने उतरतो. तिसरं घर त्यांच्याच चुकीचं. गाडीची किल्ली हरवली, मांसाहारी म्हणून बुकिंग केलं आणि एकादशी निघाली. तिथे पैसेही नाहीत नि हळहळही फार नाही, गोड बोलून मोकळं व्हायचं.

आणि ती स्टारची धमकी. पैसे द्या नाही तर एक स्टार, हे तोंडी ऐकलंस तर तिथेच म्हण, मला हे अॅपवरच लिहून पाठवा म्हणजे मला अॅपवाल्यांशी बोलता येईल. लिहून पाठवायला बहुतेकजण कचरतात. पाठवलं तर फारच बरं, शेऱ्याच्या धमकीवर पैसे उकळणं मोठ्या अॅपच्या नियमांत बसत नाही, तो संदेश तसाच्या तसा त्यांना दाखव. म्हणून सगळं बोलणं अॅपवरच ठेव. फोनवर मिटलं तरी नंतर दोन ओळी टाक: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे पाणी सकाळी चारला मिळेल. गार पाण्याचे तीनशे मात्र त्याला देऊनच टाक, धमकी दिली म्हणून ती चूक त्याची होत नाही. आता त्याने एक स्टार दिलाच तर मरत नाही कुणी. मला तसे दोन आहेत.

शेऱ्याला उत्तर लिहायचं ते दुसऱ्या दिवशी, पोटात काहीतरी गेल्यावर. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, तुम्ही किती दारू प्यायलात ते सगळ्या शेंडीला माहीत आहे. खरं होतं, पण ते वाचून पुढची दोन कुटुंबं आलीच नाहीत. कारण ते उत्तर वाचणारा तो दारुडा नसतोच. वाचतो पुढच्या शनिवारचा माणूस, आणि तो एवढंच बघत असतो की ही बाई माझ्याशी उद्या कशी बोलेल. तू लिही: त्या पहाटे पाणी गार होतं, आमची चूक, आता टाकीला कॉइल बसवली आहे. बस्स. कॉइल बसवून मग लिही पण.

तक्रारीला घरात एकच तोंड असावं. तुझं असेल तर भाच्याने जिना चढायचा नाही. आमचे हे तापट होते, मी त्यांना धरणाचा इतिहास सांगायचं खातं दिलंय. तू बाईमाणूस आहेस म्हणून आणखी एक. रात्री कुणी खोलीतलं काही दाखवायला बोलावलं तर एकटीने आत जायचं नाही. दार उघडं, वहिनी दारात, मग जा. दारू पिऊन आरडाओरडा, अंगावर येणं, बाकीच्या पाहुण्यांतल्या बायकांकडे बघून बोलणं, याला तक्रार म्हणत नाहीत, तिथे माझं पाणी-कान काही चालवायचं नाही. शेजाऱ्याला हाक मार, 112 लाव. मी दोनदा लावलाय. एकदा पोलीस येईपर्यंत ते झोपलेही होते.

चोरीचा आळ ही सगळ्यात वाईट तक्रार. काय मजा आहे बघ, आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, लोक सकाळी तिथे जाऊन हात जोडून येतात आणि संध्याकाळी माझ्या तंबूला कुलूप का नाही म्हणून भांडतात. एका बाईंचं कानातलं गेलं. त्यांनी थेट आमच्या केरवालीकडे बोट दाखवलं. ती बिचारी परकराला हात पुसत उभी. मी तिला तिथून आधी घरी पाठवलं. आमच्याकडे असं कधी होत नाही, हे म्हणायचं नाही, ते ऐकून माणूस आणखी पेटतो. कामवालीला समोर उभी करून विचारपूस करायची नाही, कारण वस्तू सापडते तेव्हा तिची माफी कुणी मागत नाही. आणि त्यांच्या पिशवीला आपण हात लावायचा नाही. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच एकेक वस्तू काढा, मी कंदील धरते. दिवे गेले होते ना. उशीचे अभ्रे, चादरीच्या घड्या, मग गाडी. कानातलं गाडीच्या सीटच्या फटीत होतं, झोपताना निसटलं असणार. बाईंनी मला शंभराची नोट दिली. ती मी दुसऱ्या दिवशी केरवालीच्या हातात ठेवली आणि कशाची ते तिला सांगितलं.

जेवणाचं तुला फारसं सांगायला नको, तुझा हात चांगला आहे. जैन मंडळी आली तर पातेली वेगळी ठेव आणि फोडणी टाकायच्या आधी विचार, नंतर विचारून उपयोग नाही. तिखटाचा ठेचा वाटीत बाजूला दे, भाजीत नको.

ओळखपत्रावरून वाद होतात तिथे मात्र तसूभर मागे सरू नकोस. माणूस म्हणतो एकट्याचं घ्या, बाकी घरचेच आहेत. प्रत्येक मोठ्या माणसाचं घ्यायचं, वहीत नाव लिहायचं, सही घ्यायची. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत दिली तर ती घे, आपल्याला आकड्यांशी काय करायचंय. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, शिर्डीत तुझ्याकडे ते येणार. सगळ्यांची ओळखपत्रं लागतील हे बुकिंग झाल्याबरोबर संदेशात कळवून टाक म्हणजे दारात भांडण होत नाही.

नात म्हणतेय बोटं दुखली. मी रविवारच्या एसटीने येतेय. काळभाताचे पाच किलो आणते, पाहुण्यांना वाढू नकोस, घरी खा. तोवर प्लंबरला बोलावून कॉइलचं विचारून ठेव, गुरुवारच्या आत बसली पाहिजे. आणि वहिनीला सांग, चालायला जायचंय तेव्हा ती अंगठा तुटलेली चप्पल घालू नकोस म्हणावं.